नवरीचा रंग

हेअर स्प्रेचा वास आला की मला खामगावातलं ते मंगल कार्यालय आठवतं. मी नवरी सजवायला गेले होते. मुलगी सावळी, तरतरीत, डोळे असे की काजळानेच लाजावं. पण खोलीतल्या बायका! हळदीच्या हातांनी जी ती माझ्या पेटीत बोट घालायची. "ताई, थोडी गोरी करा ना तिले," आई म्हणाली. "थोडी काऊन? चांगली फक्क करा, फोटो जन्मभर राह्यते!" आत्या कडाडली. आरशातली नवरीची मान आणखी खाली गेली. माझं डोकं असं तापलं की काय सांगू! मी गोड हसले. "आत्याबाई, आधी तुम्हालाच लावून दाखवते." पेटीतलं सगळ्यात पांढरं फाउंडेशन थापलं. गळा सावळा आणि तोंड गिरणीतून आल्यासारखं! बायका पदरात तोंड खुपसून हसल्या. तेवढ्यात मी नवरीला तिच्याच रंगाचा मेकअप केला. ती आरशात बघून म्हणाली, "ताई, मी मीच दिसून राह्यली!" मी जिंकल्याच्या थाटात पेटी मिटली. महिन्याभराने ती नवरी लग्नाचा अल्बम घेऊन माझ्या पार्लरात आली. आत्याच्या हुकमावरून लग्नातल्या फोटोवाल्याने कॉम्प्युटरवर तिला दुधात बुडवून काढलं होतं. मी नुसती चडफडले. मग तिने मोबाइलमधला त्या दिवशीचा स्वतःचा फोटो पुढे केला. "हा मोठा करून इथं लावा." तो आज माझ्या पार्लरच्या दारावर आहे. त्याच फोटोवाल्याचं दुकान बरोबर समोर आहे. रोज सकाळी शटर उघडून तो वळला, की आधी तीच दिसते.