जुनं कार्ड बंद होतं तेव्हा

गाव सोडलं त्या सकाळी माझी धाकटी जाऊ पंचफुला फाट्यापर्यंत आली, पण बस येईपर्यंत थांबली नाही. म्हशीला पाणी पाजायचं राहिलं म्हणाली. म्हशीला तिनं माझ्यासमोरच पाणी पाजलं होतं. पदरानं दगड झटकून तिनं माझी पिशवी त्यावर ठेवली आणि म्हणाली, "दोन महिन्यांत येजो बाई. डोळा बरा झाला का पोराले म्हणजो, आता मले नेऊन घाल. मंग एकच चूल पेटवू. दोन बुढ्याईले दोन चुली कायले पायजेत?"

मी म्हटलं, "तुह्या हातचं वरण मी रोज खाईन काय?"

"नोको खाऊ. तू रांध, मी खाईन," असं म्हणून ती वळली.

मी मागं पाहिलं नाही. माझी माय म्हणायची, निघायचं तर निघ, उंबऱ्यात उभी राहू नको, घरातल्यांचाही रस्ता अडतो.

वरूडहून अमरावती, अमरावतीहून अकोला. अख्खा दिवस बसमध्ये गेला. डोळ्याचं ऑपरेशन झालं. दोन महिने झाले, सहा झाले. कोणी मला अडवलं नाही आणि नेऊन सोडतो असंही कोणी म्हटलं नाही. माझ्यासारख्या मुलामागे शहरात आलेल्या बायांना हे सांगायला नको. गावात राहिलेल्यांना मात्र वाटतं की आम्ही ठरवून राहिलो. ठरवत कोणी नसतं. आज-उद्या करता करता तुमचं लुगडं तिथल्या दोरीवर रोज वाळायला लागतं, एवढंच.

गावात आमची संत्र्याची बाग होती. दोघा भावांची बाग, मध्ये बांध, विहीर एक आणि मोटारही एक. पाइपाला पाणी सोडायचे-अडवायचे दोन वॉल होते, एक आमच्याकडचा आणि एक त्यांच्याकडचा. दोन्ही उघडे ठेवले तर कोणाच्याच झाडाला धड पाणी पोचत नसे, म्हणून पाळी होती. पंचफुलाची पाळी असली की मी माझा वॉल घट्ट बंद करायची, माझी असली की ती. पस्तीस वर्षांत आम्ही दोघी जावा भांडलो भरपूर, पण दुसरीच्या पाळीत आपला वॉल कधी उघडला नाही. मग विहीर आटली. बोअर खणले, तेही कोरडे गेले. आजूबाजूच्या सगळ्यांचं तसंच झालं. झाडं उभी वाळली, तोडली, ट्रक येऊन लाकूड घेऊन गेला. गजानन, माझा मुलगा, अकोल्याला दालमिलमध्ये कामाला लागला. आम्हा दोघींचे नवरे आधीच वारले होते. पंचफुलाला एकच मुलगी, ती अमरावतीला दिलेली. गावात आम्ही दोघीच उरलो, शेजारी शेजारी. मग मीही निघाले.

अकोल्यात आमच्या दोन खोल्या आहेत, पत्र्याखालच्या. उन्हाळ्यात पत्रा असा तापतो की भिंतीला पाठ टेकवत नाही. सून वर्षा शिवणकाम करते. नात प्रणाली बी.एस्सी. झाली. माणसं वाईट नाहीत. पण सगळी कामात, आणि मी बिनकामाची. गावात माझ्या हाताखाली बाग होती, इथं भाजी निवडायची पाटी होती. तीही वर्षा परत एकदा निवडायची, माझ्या डोळ्यावर तिचा भरवसा नव्हता.

गजाननानं मला मोठा फोन घेऊन दिला होता, काचेचा. पंचफुलाकडे बटणांचा होता. किराणा दुकानदारानं तिला एक नंबरच्या बटणात मला बसवून दिलं होतं. ते दाबून धरलं की मला लागायचं. दुसरं काही तिला येत नव्हतं आणि शिकायचंही नव्हतं. सुरुवातीला आम्ही बोलायचो. पण रोज बोलायला असतं काय? तिकडं म्हैस, इकडं पत्रा. मग आमचं ठरलं. सकाळी चहा झाला की तिनं एकदा वाजवून कापायचं. मी परत एकदा वाजवून कापायचं. म्हणजे उठली, चहा झाला, जिती आहे. दोनदा वाजलं तर काही सांगायचं आहे, फोन उचल.

आधी तिनंच वाजवायचं. ती धाकटी. सणाला आधी धाकटी पाया पडते, मग मोठी तिला उठवते. फोनचंही आम्ही तसंच धरलं. हे कोणी बोललं नव्हतं, बोलायची गरजही नव्हती.

त्या एका वाजण्यावर माझी सकाळ उभी राहायची. आज हसू येतं सांगताना, पण आठ वाजत आले की मी फोन मांडीवर घेऊन बसायची. वर्षा म्हणायची, "आत्याबाई, अंडं द्यायचं हाये काय फोनले? उबवून राहिल्या."

मग प्रणालीला काम लागलं. पुण्याची कंपनी, पण काम घरून. सकाळी आठला लॅपटॉप उघडायचा आणि संध्याकाळी पाचला मिटायचा. लोक काही ना काही तक्रारी लिहून पाठवतात, त्यांना हिनं लगेच उत्तर लिहायचं. पहिले तीन आठवडे परीक्षेचे, सुटी नाही. उत्तराला उशीर झाला की तिकडे नोंद होते, आणि नोंदी जास्त झाल्या की काम जातं. खोलीत तिच्या फोनला नेट नीट मिळत नव्हतं. घरमालक भिंतीला भोक पाडून वायर आणू देत नव्हता. माझ्या फोनला मात्र खिडकीत चांगलं मिळायचं. माझ्यात दोन कार्डं होती, गावचं जुनं आणि अकोल्यात घेतलेलं नवं. नव्या कार्डाचं नेट ती लॅपटॉपला द्यायची. हॉटस्पॉट म्हणतात त्याला. वायर नाही, काही नाही. फोन खिडकीत, लॅपटॉप खाली चटईवर, आणि दोघांचं चालू. एका मोटारीवर दोन शेतं भिजतात तसं ते मला समजलं. मला बरंही वाटलं. घरात माझी एक तरी वस्तू कामाची होती.

पहिल्याच दिवशी पंचफुलाचा फोन वाजला आणि प्रणाली रडकुंडीला आली. जुन्या कार्डावर फोन आला की नव्या कार्डाचं नेट तेवढा वेळ थांबतं. ती म्हणाली, "आजी, तुह्या एका मिसकॉलनं माहं सगळं बंद पडलं. समोरचा मानूस निघून गेला."

"आता?"

"तुहं जुनं कार्ड बंद ठेवू काय? फक्त कामाच्या टायमाले. पाच वाजता खोलून देईन. पगार झाला का मी माहं वेगळं घेतो."

मी म्हटलं, "ठेव."

मला यात अवघड काहीच वाटलं नाही. तिची पाळी, माझा वॉल बंद. आणि वॉल बंद केला म्हणजे पाणी कुठं जात नाही, पाइपात थांबतं. माझी समजूत अशी की सकाळी पंचफुलानं वाजवलेलं तसंच मागे थांबेल आणि पाच वाजता कार्ड उघडलं की वाजेल. खरंच असं वाटलं. म्हणून मी पंचफुलाला काही कळवलंही नाही. प्रणालीनं माझ्या मनातलं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

पाच वाजता कार्ड उघडलं. फोन वाजला नाही. नुसता टुंग टुंग आवाज झाला. कसले मेसेज होते, इंग्रजी अक्षरांचे. प्रणालीनं पूर्वीच सांगून ठेवलं होतं की इंग्रजी मेसेज जाहिरातींचे असतात, बोटानं बाजूला सारत जा. मी सारले.

म्हणजे पंचफुलानं वाजवलं नाही, असं मी धरलं. दुसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मला राग आला. हिला दिवसातून एक बटण दाबवत नाही? मी इथं परक्या खिडकीत बसलेली, आणि ही आपल्या अंगणात बसून मला विसरली. संध्याकाळी फोन माझ्याच हातात असायचा. मी लावू शकत होते. पण मोठीनं आधी लावायचं कशाला? मी नाही लावला. मी खोटं सांगणार नाही, मला आतून वाटत होतं की लाव. दोनदा फोनमध्ये तिच्या नंबराचा फोटो उघडून त्यावर बोट धरलं आणि फोन उपडा ठेवला.

असे तीन आठवडे गेले. दिवसा खिडकीतला फोन दुसऱ्याच्या कामाला लागलेला, आणि मी त्याच्याजवळ राखण करत बसलेली, कोणी धक्का लावू नये म्हणून. प्रणालीच्या कानात कापसासारखं घातलेलं, ती तिकडच्या माणसांना उत्तर देण्यात. वर्षाचं मशीन चालू. त्या दिवसांत मी घरात कोणाशी काय बोलले ते आठवू म्हटलं तर "चहा ठेवू काय" एवढंच आठवतं.

प्रणालीचं काम पक्कं झालं. तिनं वेगळं नेटचं यंत्र घेतलं आणि सुटीच्या दिवशी माझा फोन साफ करायला बसली. तो भरून गेला होता. मेसेज काढता काढता थांबली.

"आजी, हा नंबर पंची आजीचा ना?"

"कोणता?"

"हे पाय. कार्डाची कंपनी सांगून राहिली, तुहा फोन बंद होता तवा या नंबरानं सात वेळा लावला. पयल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी नऊ वेळा."

तिनं एकेक वाचून दाखवलं. मग पाच, मग सहा. पुढच्या आठवड्यात रोज दोनदा, बरोबर दोनदा, ओळीनं सहा दिवस. मग एकदा. मग नाही.

प्रणालीचं तोंड उतरलं. ती काही बोलणार होती, मी म्हटलं, "तुहा दोष नाही. लाव तिले."

पंचफुलानं उचलला. मागे कुकरची शिट्टी होत होती. पंचफुलाकडे कुकर नव्हता.

"जिती हायेस काय वो बाई?" ती म्हणाली.

"हायो. तू कुठी हायेस?"

"अमरावतीले. पोरीकडं. मले वाटलं तू गेली."

"गेली म्हंजे?"

"मेली म्हंजे. दुसरं काय? गावातले म्हनत, बुढी मेली नाई, शयरातली झाली, नंबर बदलला. मी म्हटलं, बदलला असंल तर मेलीच बरी."

मी विचारलं, "दोनदा काहून वाजवत होती?"

ती म्हणाली, "पोरगी आलती न्यायले. म्हने घर इकू, म्हैस इकू, चाल. मी म्हटलं मोठ्या बाईले इचारतो. ती येनार हाये तर मी राहतो. तिले म्हटलं, आठ दिवस थांब. थांबली बिचारी. तू काही बोलली नाई."

मी तिला कार्डाचं सांगितलं, लॅपटॉपचं, नेटचं. पाळी म्हटल्यावर तिला समजलं. म्हणाली, "वॉल बंद करायच्या आधी आपुन बांधावरून हाका मारत होतो ना वो? बाई, आता बंद करून राहिली, म्हनून. हाक काहून नाई मारली?"

मी म्हटलं, "घर कोनं घेतलं?"

घर गावातल्याच एकानं घेतलं. म्हैसही गेली. आमचं घर अजून उभं आहे, कुलूप आहे, किल्ली गजाननाकडे आहे. पण कुलूप उघडून मी जाणार कोणाकडे? एकटीनं तिथं राहण्यापेक्षा इथली भाजीची पाटी बरी. पूर्वी कोणी विचारलं, घर कुठं, तर मी भिंतीसकट सांगायची. आता वाटतं, तुमचं काय ते ऐकल्याशिवाय पुढचं पाऊल न टाकणारं एक माणूस जिथं असतं ते घर. माझं तसं माणूस आठ दिवस थांबलं होतं.

मी पंचफुलाला अकोल्याला ये म्हटलं नाही. दोन खोल्यांत वर्षाला आणखी एक म्हातारी कशी चालेल? तीही मला अमरावतीला ये म्हणाली नाही. जावयाचं घर. दोघींना एकमेकींचं न बोललेलं कळलं. शेवटी तिनंच काढलं, "मूर्तिजापूरले येतं काय? तुले बी मधात, मले बी मधात."

गेल्या महिन्यात आम्ही मूर्तिजापूरच्या बसस्टँडवर भेटलो. ती अमरावतीच्या बसनं आली, मी अकोल्याच्या. ती वाळली होती. मला म्हणाली, "तू फुगली." बाकावर बसून भाकर खाल्ली, ठेचा तिनं आणला होता. जावई चांगला आहे, पण टीव्हीचा आवाज कमी करत नाही, असं तिनं सांगितलं. प्रणालीचा पगार वाढला, असं मी सांगितलं. मग बराच वेळ दोघी येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या पाहत बसलो. फाट्यावर ती का थांबली नव्हती ते मी विचारलं नाही.

तिची बस आधी लागली. मी तिला चढवून दिलं आणि खिडकीखाली उभी राहिले. कंडक्टरनं विचारलं, "कुठं आजी?"

ती म्हणाली, "पोरीकडं."

"गावाचं नाव सांगा ना."

ती माझ्याकडे पाहू लागली. तोंडात नाव येत नव्हतं तिच्या. खालून मीच सांगितलं, "अमरावती द्या."

माझ्या बसमध्ये मी कंडक्टरनं विचारायच्या आधीच अकोला म्हटलं.