अंदमानची सहल आणि साठ झाडे

फिर्यादी : तीर्थपुरी (जि. जालना) शिवारातील मोसंबीच्या बागेचा मालक, दोन भावांतील थोरला. घटना : संकष्टी चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे बागेतील साठ झाडे बुंध्यापासून तोडलेली आढळली. संशयित : फिर्यादीचा सालगडी. साक्षीदार : फिर्यादीची धाकटी भावजय आणि आष्टीचे एक गुरुजी. नावे मुद्दाम देत नाही.

इतकी वर्षे लोटली, तरी हे प्रकरण माझ्या मनातून उतरलेले नाही. मी त्या वेळी सहायक फौजदार होतो. शिक्षण सातवीपर्यंतच, परंतु माझ्या हातच्या पंचनाम्यात कोणत्याही वकिलाला बोट ठेवता आले नाही, हे वरिष्ठही मान्य करीत. पायाच्या दुखण्यामुळे वेळेआधी निवृत्त झालो आणि आता तहसील कचेरीसमोर अर्ज लिहितो.

पंचनाम्याच्या वेळी सालगड्याच्या झोपडीच्या दारात कुऱ्हाड सापडली. तिच्या पात्याला ओल्या सालीचे तुकडे चिकटले होते. आठवड्यापूर्वी मालकाशी त्याची बोलाचाली झाली होती. मी त्याला ठाण्यात आणले आणि संशयितांच्या रजिस्टरला त्याचे नाव स्वतःच्या हाताने चढवले.

"साहेब, ती झाडं मीच लावल्ती," तो म्हणाला. "उन्हाळ्यात डोक्यावर घागरी आणून जगवली. मी कशाला तोडीन?"

असे सगळेच बोलतात, असे मनात म्हणून मी त्याला कोठडीत घातले.

आठव्या दिवशी ठाण्याच्या पत्त्यावर बिनसहीचे कार्ड आले. त्यात एवढेच होते : 'ज्याने गावात शिंपले वाटले, त्याला विचारा.'

शिंपले वाटले होते फिर्यादीच्या धाकट्या भावाने. दोघा भावांत बांधावरून दावा चालू होता. परंतु घटनेच्या वेळी धाकटा बायकोसह अंदमानच्या सहलीवर होता, असे सारे गाव सांगत होते. परत आल्यावर त्याने घरोघर शिंपले दिले होते. मी त्याला बोलावले.

"काय काय पाहिलं?"

"पहिल्या दिवशी मोठा तुरुंग. दुसऱ्या दिवशी बोटीनं शेजारचं बेट. तिथं हरणं माणसाजवळ येतात. तिसऱ्या दिवशी काचेच्या तळाची बोट, खाली रंगीत मासे. चौथ्या दिवशी तोंडात नळी धरून पाण्यात उतरलो."

"तिकिटं?"

"पिशवीच बोटीत राह्यली, साहेब."

"फोटो?"

"कॅमेरा न्हाई आपल्याकडं."

सहलीहून आलेला माणूस आधी जेवणाची तक्रार करतो, मग बायकोला बोट कशी लागली ते सांगतो. हा मात्र दिवसांची ओळ न मोडता, छापील माहितीपत्रक वाचावे तसे बोलत होता. माझा संशय तिथेच पक्का झाला. बेटावरच्या पोलिसांना बिनतारी संदेश पाठवला. उत्तर आले नाही. सालगड्याच्या कोठडीची मुदत मात्र संपत आली होती, आणि त्यानंतर त्याची रवानगी तुरुंगात व्हायची होती.

मग महिला शिपायासमक्ष धाकट्याच्या बायकोचा जबाब घेतला. मी तिला बोटींबद्दल काही विचारलेच नाही.

"वहिनी, तिकडं खाल्लं काय?"

"भात. दुसरं काय मिळतंय? त्यात चतुर्थी आली, मंग उपास."

"बेटावर असतानाच आली का?"

"हो. तिथंच होतो."

"सोडला कधी?"

"चंद्र बघून. नऊ वाजून दहा मिनिटांनी. कॅलेंडरातली बराबर तीच येळ."

"चंद्र वर आला होता?"

"न्हाई, नुकताच निघू लागला होता. आरती केली अन् मंग जेवले."

मी शब्दन् शब्द लिहून घेतला. त्यात काही सापडले आहे, हे मलाही तेव्हा कळले नव्हते. त्याच दिवशी आष्टीला गेलो. तिथले एक गुरुजी रजेच्या सवलतीत खरोखर अंदमानला जाऊन आले होते. त्यांना जबाब वाचून दाखवला. ते हसले.

"जमादार, हे बेट जालन्यातलंच दिसतंय."

"गुरुजी, मी सहायक फौजदार आहे."

"बरं, फौजदार. तिकडं साडेपाचच्या आत अंधार पडतो. बेट किती पूर्वेला आहे, बघा नकाशात. आमच्या मंडळींचीही तिथं चतुर्थी आल्ती. कॅलेंडरात इथली येळ असते. तिथं चंद्र पाऊण-एक तास आधीच वर येऊन बसला होता."

परतल्यावर धाकट्याला समोर बसवले.

"त्या दिवशी नऊ वाजून दहाला चंद्र निघाला, असं वहिनी म्हणतात. बेटावर तो सव्वाआठच्या सुमारासच निघाला असणार. मग तुम्ही नेमके कुठे होता?"

त्याने डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली.

"तिला काई करू नका," तो म्हणाला. "ती औरंगाबादला भावाच्या घरी व्हती. मीच आल्तो मोटारसायकलवर. कुऱ्हाड सालगड्याच्या दारातून उचलली अन् तिथंच ठिवली. शिंपले औरंगाबादच्या बाजारातले."

बायकोने नवऱ्यासाठी समुद्र, बोटी, बेट, सारे खोटे सांगितले होते. उपास सोडल्याची वेळ मात्र तिला खोटी सांगता आली नाही. ती वेळ तिने देवाला दिलेली होती. आरोपी काय लपवतो यापेक्षा साक्षीदाराला कशाबद्दल खोटे बोलवत नाही, तिथे प्रश्न विचारावा, हे मला या प्रकरणाने शिकवले.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. सालगडी सुटला. बाहेर पडताना मला म्हणाला, "साहेब, खोडांना शेण लावू द्या आता. काही फुटतील." त्यातील एकोणीस फुटली. परंतु रजिस्टरातले नाव कोणी काढले नाही. आजही प्रत्येक सणाच्या बंदोबस्ताला त्याला ठाण्यात बसवतात. परवा तो माझ्यापुढे अर्ज लिहून घ्यायला बसला. रजिस्टरातली ती नोंद माझ्याच हातची आहे, हे त्याला ठाऊक आहे. तरी अर्जाला तो माझ्याकडेच आला.

सबब मा. पोलीस अधीक्षक साहेबांस या लेखाद्वारे जाहीर विनंती की, सदर इसमाचे नाव रजिस्टरातून कमी करण्यात यावे. ती नोंद करणारा मी स्वतः, ती चूक होती असा जबाब देण्यास केव्हाही हजर राहीन. उत्तर मला न कळवता त्याला लेखी कळवावे. त्याला वाचता येत नाही. मी वाचून दाखवीन.