केळ्यांची वही

इंग्लंडमधल्या काळ्या फुटबॉलपटूंची माझ्या साडूंनी आखातातल्या उम्म अल कुवैनमध्ये बसून जेवढी काळजी केली, त्याच्या निम्मी जरी इंग्लंडने केली असती तरी साडूंच्या रक्तदाबाच्या गोळ्या वाचल्या असत्या. हा माणूस जन्मात इंग्लंडला गेला नाही. फुटबॉलला त्याने एकदाच पाय लावला, तोही इमारतीखालच्या पोरांचा चेंडू पार्किंगमधल्या गाडीखालून काढताना, आणि त्यात चेंडू बाहेर आला पण चप्पल आत राहिली. तरीही इंग्लंडातल्या कुठल्या संघात किती काळे खेळाडू आहेत, त्यांतला कप्तान कोण, कोणाला कोणत्या मैदानावर काय ऐकावं लागलं, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, यजमान. ते तिसऱ्या मजल्यावर, आम्ही दुसऱ्या. मी तिथल्याच फायबरच्या बोटी बनवणाऱ्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. साडू कुडाळकडचे, उंच, चांगले काळेभोर आणि डोळे एवढे मोठे की माणूस सदानकदा धक्का बसल्यासारखा दिसायचा. बहुतेक वेळा तो बसलेलाच असायचा.

धंद्याने ते रंगारी. पण रंगारी म्हटलेलं त्यांना खपत नसे. ‘रंग कोणीही लावतो हो. मी शेड मॅच करतो,’ असं म्हणायचे. इंडस्ट्रियल एरियात डेंटिंग-पेंटिंगचं एक गॅरेज होतं, तिथे ठोकलेल्या गाड्या यायच्या. नवा दरवाजा जुन्या गाडीला असा रंगवायचा की ठोकर लागली होती हे गाडीच्या मालकालाही आठवू नये, हे त्यांचं काम. कंपनीची शेडची पुस्तकं असायची, पण साडूंचा विश्वास फक्त स्वतःच्या डोळ्यांवर. पांढरा म्हणजे काय, असं ते मला विचारत आणि उत्तराची वाट न बघता सांगत, की पांढरे अकरा आहेत. एकदा एक अरब गिऱ्हाईक गाडीभोवती दोन चकरा मारून खूश होऊन म्हणालं, ‘सेम सेम, हबीबी. खलास.’ साडूंनी किल्ली खिशात टाकली. म्हणाले, ‘नो सेम. दरवाजा अर्धा टोन खाली आहे.’ तो बिचारा हात जोडायला आला, पण शेवटी टॅक्सीने घरी गेला आणि गाडी दोन दिवसांनी मिळाली. घरीही तेच. ताईंनी हौसेने नवी साडी नेसून दाखवली आणि मोरपंखी म्हणाल्या, की हे चष्मा लावून पदर उजेडात धरणार आणि म्हणणार, ‘मोरपंखी नव्हे.’ चहा कपात ओतला की आधी बघायचे आणि मग प्यायचे. खोटी शेड म्हणजे त्यांच्या लेखी सरळसरळ लबाडी.

असा माणूस फुटबॉलकडे कसा वळला, तर काचेमुळे. गाडीला स्प्रे मारायच्या आधी काचांवर जुने कागद चिकटवून त्या झाकून घेतात. गॅरेजमध्ये येणारा एक इंग्रज इंजिनियर मायदेशी परत जाताना फुटबॉलच्या जुन्या मासिकांचे दोन खोके साडूंना देऊन गेला, झाकायला होतील म्हणून. एका पिकअपच्या काचेवर पान चिकटवताना साडूंना त्यावरचा फोटो दिसला. एक काळा खेळाडू धावतोय आणि त्याच्या पायाशी गवतावर केळं पडलंय. त्यांना वाटलं, जाहिरात असेल. खालचा मजकूर त्यांनी बोट लावून लावून वाचला आणि मग ते पान हलक्या हाताने सोडवून घेतलं. पिकअप तशीच उभी. त्या दिवशी ते भर दुपारी दोन्ही खोके डोक्यावर घेऊन घरी आले. मी जेवायला आलो होतो, तर मला जिन्यातच धरलं.

‘रावसाहेब, हे केळं प्रेक्षकांनी फेकलंय,’ म्हणाले. ‘का, तर तो काळा म्हणून.’

मी हादरलो. आमच्या वडिलांनी आम्हाला लहानपणी काटा-चमचा धरायला शिकवला तो इंग्रजासारखं वागा असं सांगून. साडू मात्र त्यापुढे गेले होते. ते म्हणाले, ‘विचार करा. स्टेडियमात केळी विकत नाहीत. म्हणजे ही माणसं सकाळी बाजारात जाऊन केळी विकत घेत होती. घरून निघताना आठवणीने पिशवीत टाकत होती. बायको विचारत असेल, अहो केळी कशाला, तर काय सांगत असतील?’ या शेवटच्या प्रश्नावर माझी भूक मेली. आजही मला केळ्याच्या सालीपेक्षा त्या पिशवीचीच जास्त भीती वाटते.

तेव्हापासून वही सुरू झाली. गॅरेजमधलं जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर, त्यात पट्टीने चार रकाने आखलेले : काय फेकलं, कुठून, कोणी, आणि खेळाडूने काय केलं. घरात तिला सगळे केळ्यांची वही म्हणत. पण केळी त्यात नंतर नंतर फार किरकोळ वाटायला लागली. नाणी होती, थुंकी होती, हजारो माणसांनी मिळून काढलेले माकडाचे आवाज होते. देशाच्या संघात निवड झाली म्हणून एकाला टपालाने बंदुकीची गोळी आली होती, तिची नोंद होती. चौथा रकाना साडू फार जपून भरत. ‘केळं टाचेने बाजूला सारलं. खेळत राहिला,’ ही त्यांची आवडती नोंद, आणि ती वाचताना ते माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत. शंभरेक वर्षांपूर्वी एक काळा गोलकीपर इंग्लंडात खेळला होता आणि पुढे कोळशाच्या खाणीत राबून मेला, हे त्यांना एका अंकात सापडलं. त्याला ते आजोबा म्हणायचे. इंग्रजी नावं जिभेवर बसत नसत, म्हणून सगळ्यांनाच त्यांनी घरातली नाती लावली होती. केळंवाला तो मधला, गोळीवाला तो थोरला. आजोबांच्या थडग्यावर इतकी वर्षं दगडसुद्धा नव्हता, तो अखेर बसला, असं पेपरात आलं तेव्हा साडूंनी साऱ्या इमारतीत पेढे वाटले. तळमजल्यावर नुकतंच एक साताऱ्याचं कुटुंब आलं होतं. आजोबांचं थडगं ऐकून त्या घरातल्या बाईंनी पेढा हातातच धरला आणि जड आवाजात विचारलं, ‘किती वय होतं हो?’ साडूंनी वय सांगितलं, वर खाणीतल्या धुळीचंही सांगितलं. त्या बाई दुसऱ्या दिवशी ताईंना भेटायला पांढरी साडी नेसून आल्या.

डिश आल्यावर तर विचारू नका. शनिवारी संध्याकाळी सात वाजता मॅच लागली की साडू गोल किती झाले हे बघतच नसत. संघ मैदानात येताना ते बोट नाचवत मोजत : एक, दोन, पाच, सहा. मग कॅमेरा कडेच्या बाकावर जायची वाट बघत. तिथे मॅनेजर, त्याचा मदतनीस, डॉक्टर बसलेले. ‘बाकावर शून्य,’ असं म्हणून ते खुर्चीत मागे टेकत. ‘पळायला चालतात, सांगायला नाही चालत.’ कॉमेंटरीसाठी वेगळं पान होतं. काळ्या खेळाडूने गोल मारला की कॉमेंटेटर ताकद म्हणतो, वेग म्हणतो. गोऱ्याने तसाच मारला की अक्कल म्हणतो. साडू दोन्हीकडे फुल्या मारत. मला कंटाळा यायचा. एकदा मी म्हणालो, ‘अहो, एका शब्दाने काय होतं?’ त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. म्हणाले, ‘शाळेत मास्तर मला कोळसा म्हणायचे. मला चाळिशीपर्यंत वाटत होतं की ते लाडाने म्हणतात.’ आणि आवाज पुन्हा सुरू केला.

त्यांना एकच मुलगी, शलाका. मला काका म्हणायची. इथेच वाढलेली. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर. अजमानला एका फार्मसीत नोकरी करायची. बापासारखी उंच, बापासारखे डोळे आणि रंगही बापाचाच. लहानपणी बापाच्या मांडीवर बसून तीच टीव्हीसमोर बोट नाचवत वन, टू, थ्री करायची. पंचविशीला आली तशी ताईंनी धोसरा लावला, आणि खलिफा सिटीतल्या एका चांगल्या घरातून विचारणा झाली. मुलगा इंजिनियर होता. बायोडाटा पाठवा म्हणाले. नात्यात माझं अक्षर सुंदर, त्यामुळे घरातल्या प्रत्येक लग्नाची सुरुवात माझ्या पेनाने होते. त्या शनिवारी मी वर गेलो, टेबलाशी बसलो. मॅच चालू होती. नाव लिहिलं, जन्मवेळ लिहिली, गोत्र, उंची. पुढचा रकाना वर्ण. मी जरा थांबलो.

साडूंनी टीव्हीवरची नजर काढली नाही. शेडचा नंबर सांगावा तसं म्हणाले, ‘गव्हाळ लिहा.’

आणि मी लिहिलं. मला काहीच वाटलं नाही, हे मला आज सांगायला लाज वाटते. त्यांनाही काही वाटलं नाही. अर्ध्या टोनसाठी दुसऱ्याची गाडी दोन दिवस अडकवणारा माणूस, त्याने पोटच्या पोरीला बसल्या जागी दोन शेड वर नेलं आणि पुढच्या क्षणी बाकावर किती आहेत ते मोजायला लागला. ताईंनी कागद पाकिटात घालण्याआधी देवापुढे ठेवला.

आठच्या सुमाराला शलाका कामावरून आली. चप्पल काढता काढता तिने देवापुढचा कागद उचलला. मराठी ती अक्षरं जुळवत वाचायची, त्यामुळे बराच वेळ उभी होती. मग बापाच्या खुर्चीसमोर आली. मला वाटलं, आता इंग्रजीत काहीतरी झाडणार. तर ती सावकाश, एकेक शब्द मांडत, मराठीत म्हणाली, ‘बाबा, हे केळं तुम्ही फेकलंत.’

साडू तिच्याकडे बघतच राहिले. त्यांचे डोळे एरवीच मोठे, पण त्या दिवशी ते मला बघवेनात. त्यांनी रिमोट घेतला आणि मॅच बंद केली. अर्ध्यात मॅच बंद करताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. शलाका आत गेली. मी माझ्या हातातल्या पेनाला टोपण लावलं आणि खाली निघून आलो. हिने विचारलं, ‘झालं का लिहून?’ मी हो म्हणालो.

पण शलाका घरी येण्याआधीच ताईंनी खालच्या दुकानातून तो कागद फॅक्स केला होता; पाकीट नुसतं मागाहून जायचं होतं. दुसऱ्या दिवशी साडूंनी मला बोलावून घेतलं आणि माझ्यासमोर खलिफा सिटीला फोन लावला. मुलाची आई होती. साडू उभे राहून बोलत होते. म्हणाले, ‘एक चूक झाली आहे. वर्ण चुकीचा लिहिला गेला. मुलगी काळी आहे. माझ्यासारखी.’ पलीकडून त्या बाई इतक्या मोठ्याने हसल्या की मला ऐकू आलं. साडूंनी फोन ठेवला. मग म्हणाले, ‘म्हणाल्या, त्यात काय एवढं. सगळेच वाढवून लिहितात. आम्ही दोन शेड वजा करूनच वाचतो. रावसाहेब, म्हणजे हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे आपणही घरून पिशवी घेऊनच निघतो.’

ते स्थळ शलाकाने नाकारलं. नंतर कितीतरी दिवस ती बापाशी ओके आणि नो थँक्स एवढंच बोलायची. साडू तिच्यासाठी चहा करून ठेवत, ती तो सिंकमध्ये ओतून कप धुऊन ठेवायची. गॅरेजमध्ये त्यांच्या हातून शेड चुकायला लागल्या, हे मला त्यांच्या फोरमनने सांगितलं आणि माझा विश्वास बसला नाही. शनिवारी टीव्ही बंद. ताई मला म्हणाल्या, ‘मॅच लावा म्हणावं यांना, मला हे घर सहन होत नाही.’ पण मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो. पुढे बोलणं सुरू झालं, कसं ते मला माहीत नाही. वर्ष-दीड वर्षाने तिला इंग्लंडमध्ये फार्मसिस्टची नोकरी लागली, तेव्हा विमानतळावर साडूंनीच सोडलं. त्या एका शब्दाबद्दल मात्र त्या घरात पुन्हा कोणी बोललं नाही. मीही नाही.

साठी झाली, व्हिसा संपला, साडू कुडाळला निघाले. निघताना वही माझ्या हातात दिली. ‘गावाकडे वाळवी लागेल,’ म्हणाले. त्यांची टॅक्सी वळेपर्यंत मी खाली उभा होतो. मग वर येऊन वही उघडली. केळी, नाणी, थुंकी, थोरल्याची गोळी, आजोबांचा दगड, सगळं जिथल्या तिथे. शेवटच्या पानावर माझ्याच सुंदर अक्षरातला तो बायोडाटा डकवलेला. त्याच्याखाली चार रकाने. काय फेकलं : एक शब्द. कुठून : घरातून. कोणी : बापाने. चौथा रकाना त्यांनी मोकळा सोडलेला असणार, कारण त्यातलं अक्षर त्यांचं नव्हतं. वेडंवाकडं, पहिलीतल्या पोरासारखं, वेलांट्या चुकलेलं अक्षर होतं. ‘बाजूला सारलं. खेळते आहे.’

मी ते किती वेळा वाचलं कोणास ठाऊक. खालून पोरांच्या चेंडूचा आवाज येत होता. ज्या हाताने तो शब्द लिहिला गेला, त्या हाताचं नाव साडूंनी वहीत कुठेच घातलं नव्हतं. सगळं एकट्याने आपल्या अंगावर घेतलं होतं. मी पेन काढलं आणि तिसऱ्या रकान्यात, ‘बापाने’च्या पुढे, जमेल तेवढ्या सुबक अक्षरात लिहिलं : आणि काकाने.