चार ते साडेचार

बारकूमावशी पहिल्यांदा आमच्या घरी आल्या तेव्हा त्यांनी चपला काढल्या, न्हाणीघरात जाऊन पाय धुतले, हात पदराला पुसले, माझ्या मागे येऊन मानेवर हात ठेवला आणि "आज नाय" म्हणून चालत्या झाल्या. मी वाडग्यात गरम तेल घेऊन तशीच उभी. जिन्यात त्यांना गाठून विचारलं, "अहो मावशी, पण झालं काय?" तर त्या उतरता उतरताच म्हणाल्या, "तू तयार नाय. पुडच्या रविवारी साडेचारला येते. चारपासून तयारीला लाग."

चांगले दोन मजले चढून आलेल्या बाईनं पाठ फिरवावी! मला रागच आला. पण राग धरायचंही त्राण नव्हतं त्या वर्षी.

ही गोष्ट दोन हजार बारा-तेराची. आम्ही नव्या पनवेलात राहत होतो, मी गावातल्या शाळेत मराठी शिकवत होते. नवऱ्याची उरणकडे बंदरावर नोकरी, पाळ्यांची. सासूबाई कमरेचं हाड मोडून दीड वर्ष अंथरुणाला खिळलेल्या. आणि माझा उजवा खांदा धरला होता. धरला म्हणजे इतका, की हात खांद्याच्या वर जाईना. वेणी घालता येईना, माळ्यावरचा डबा काढता येईना. वर्गात फळ्याचा वरचा अर्धा भाग मी कित्येक महिने कोराच ठेवला होता. सगळं व्याकरण खालच्या अर्ध्यात. मागच्या बाकांवरची मुलं उभी राहून उतरवून घ्यायची. डॉक्टर म्हणाले होते, तीन महिन्यांत मोकळा झाला नाही तर भूल देऊन सोडवावा लागेल. मी आडवी झाले तर सासूबाईंना उठवणार कोण, हा विचार मनात आला की दुसरा खांदाही दुखायला लागायचा.

शाळेतल्या एका बाईंनी बारकूमावशींचं नाव सुचवलं. पनवेलजवळच्या गावातल्या शेतकरी घरातल्या. तरुणपणी मिठागरावर राबलेल्या, पुढे बाळंतिणींना आणि तान्ह्या पोरांना चोळण्यात हयात गेलेली. नाव बारकू, पण अंगानं चांगल्या थोराड. तळहात एवढा मोठा, की माझी अख्खी मान त्यात मावायची.

दुसऱ्या रविवारी मी हट्टानं तयारीला लागले. तयारी म्हणजे काय, ते मला काय शिकवायचं? सकाळी खोली झाडून पुसून घेतली. जुनी चादर धुऊन वाळवून अंथरली. तिळाच्या तेलात ओवा नि लसूण घालून ते कडवून ठेवलं. मध्येच कुणी हाक मारू नये म्हणून संध्याकाळचा स्वयंपाक दुपारीच उरकला. सासूबाईंना अंघोळ घातली, कपडे बदलले, वाटीत त्यांचा खाऊ काढून ठेवला. मावशींसाठी चहाचं आधणसुद्धा ठेवलं. साडेचारला मी घामानं निथळत दार उघडलं.

मावशींनी मानेवर हात ठेवला.

"माझी तयारी केलीस गो," त्या म्हणाल्या. "चादर हाय, तेल हाय, चा पन हाय. तुझी कुटं हाय?"

"माझी म्हणजे?"

"अर्दा तास बसाचा. पाय पसराचे, हात मांडीवर सोडाचे आनि बसाचा. काय पन कराचा नाय."

"नामस्मरण करू का?"

"नको. ता पन कामच हाय."

मी म्हटलं, मावशी, दुखतोय खांदा, आणि तुम्ही बसायला काय सांगता? त्यावर त्यांनी चहा बशीत ओतला आणि फुंकर घालत म्हणाल्या, "सुक्या शेतात नांगर घातलास तर काय निघंल? ढेकला. आदी पानी मुरू द्याला लागतं. मंग नांगर." चहा संपवून त्या गेल्या. जाताना कडवलेलं तेल तेवढं बाटलीत भरून घेतलं. "फुकट कशाला घालवाचा? तिकडे एक बालंतीन हाय."

नवरा हसून हसून बेजार. "नमनालाच घडाभर तेल! आणि तेही घेऊन गेल्या!" मी त्याच्यावर असे डोळे वटारले, की तो गुपचूप कपबशा विसळायला उठला.

तिसऱ्या रविवारी मी बसले. खरंच बसले, भिंतीला टेकून, पाय पसरून. फक्त मांडीवर सहामाहीचे पेपर होते. बसल्या बसल्या तेवढंच उरकेल म्हणून. मावशी आल्या तेव्हा गठ्ठा सोफ्याखाली सरकवला होता. त्यांनी मानेला हातही लावला नाही. माझं बोट धरून वर केलं. बोटाला लाल शाई. पोराची चोरी पकडावी तसं माझ्याकडे बघितलं नि म्हणाल्या, "मास्तरीन ना तू? पोरांना खोटा नको बोलू म्हनून शिकवतेस ना?" आजन्म दुसऱ्यांच्या वहीवर लाल शेरे मारलेली मी, तेव्हा मान खाली घालून उभी होते.

त्यांच्या हट्टापायी त्यांची किती घरं तुटली असतील कोण जाणे. एक-दोघींनी मला सांगितलंही, की बाई विक्षिप्त आहे, दुसरी बघ. पण मी दुसरी बघितली नाही. खरं सांगायचं तर तोवर मला खांद्यापेक्षा त्या अर्ध्या तासाचीच चुटपुट लागली होती. चाळिशी ओलांडलेली बाई, दोन पदव्या, आणि अर्धा तास बसता येत नाही म्हणजे काय!

चौथ्या रविवारी पेपर नव्हते. पण चार वाजून पाच मिनिटांनी सासूबाईंनी पाणी मागितलं. दहा मिनिटांनी पंखा कमी. मग उशी वर. मग उशी खाली. मावशी आल्या, मानेला हात लावला आणि सरळ सासूबाईंच्या खोलीत गेल्या. मी मागून धावले.

"म्हातारे," मावशी म्हणाल्या, "अर्दा तास पानी नाय प्यालीस तर मरशील काय?"

आमच्या सासूबाई काही कमी नव्हत्या. त्या पडल्या पडल्या कडाडल्या, "मरेन!"

"मर मंग. साडेचारला येऊन उठवते तुना."

मी म्हटलं, आता घरात महाभारत होणार. पण सासूबाई एकदम खुदकन हसल्या. दीड वर्षात त्यांना कुणी इतकं सरळ बोललंच नव्हतं. सगळे आपले आजाऱ्याशी बोलतात तसे चोरटं बोलायचे. मावशी त्यांच्या पलंगावर टेकल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "हिचा हात गेला तर तुना कोन उठवंल? ती बसते का नाय, ता तू बघाचा."

झालं! त्या दिवसापासून सासूबाई पहारेकरी. पुढच्या रविवारी बरोबर चारला त्यांनी स्टीलच्या फुलपात्रावर चमचा वाजवला. "बस गं!" मी बसले. बाहेर गल्लीत भंगारवाला ओरडत होता. कुकर धुवायचा राहिला होता. मी हळूच उठले, तर आतून आवाज, "भांडं वाजलं! कोण उठलंय?" परत बसले. पहिली दहा मिनिटं डोक्यात नुसत्या याद्या चालल्या होत्या. गॅसचा नंबर, पालकसभा, सासूबाईंच्या गोळ्या. मग याद्या संपल्या, आणि त्यांच्या जागी काही येईचना. आणि मग मला रडू आलं. कशाचं म्हणाल तर कशाचंच नाही. कुणी रागावलं नव्हतं, कुणी गेलं नव्हतं. मी इतकी थकले आहे हे मलाच तोवर कुणी सांगितलं नव्हतं. पदर तोंडाला लावून रडले, आत आवाज जाऊ नये म्हणून. पण गेला असणार, कारण सासूबाईंनी त्या वेळी चमचा वाजवला नाही.

साडेचारला मावशी आल्या. मानेवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग म्हणाल्या, "आन तेल."

त्यांची चोळायची पद्धतही उलटीच. दुखतो खांदा, पण खांद्याला हात नाही. सुरुवात तळहातापासून. एकेक बोट, मग मनगट, मग कोपर, मग दंड. "घरात दारातनं शिराचा, खिरकीतनं नाय," म्हणायच्या. खांद्यापाशी पोचायलाच त्यांना तीन रविवार लागले. मध्ये बोलायच्या नाहीत. मी बोलले तर "तोंड पन सैल सोड" म्हणायच्या. दुखलं की मात्र ओरडायला पूर्ण मुभा. मी ओरडले की आतून सासूबाई विचारायच्या, "काय गं, मेलीस काय?" आणि त्या दोघी दोन खोल्यांतून हसायच्या.

तीन महिन्यांनी हात थोडा सुटलेला बघून डॉक्टरांनी भुलीचं पुढे ढकललं. त्यांनी दिलेले व्यायामही मी सोडले नव्हते, त्यामुळे श्रेय कुणाचं हे मी सांगू शकत नाही. पण सात-आठ महिन्यांनी एका सकाळी वर्गात मी फळ्याच्या अगदी वरच्या कडेला तारीख लिहिली. लिहून झाल्यावर कळलं, की आपण काय केलं. वळून बघितलं तर मागच्या बाकावरची मुलगी म्हणते, "बाई, हात बाजूला घ्या ना, दिसत नाहीये." मी त्या दिवशी वर्गाला गृहपाठच दिला नाही.

खांदा बरा झाला तरी मावशींचा रविवार चालूच राहिला. सासूबाईंना त्यांच्याशी भांडल्याशिवाय चैन पडेना. सासूबाई गेल्या त्या दिवशी मावशी आल्या, पलंगापाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पहारा संपला गो तुझा." मग पुढचे तेरा दिवस आमच्याकडे येऊन भाकऱ्या थापत होत्या.

पुढे मावशींचं गाव विमानतळाच्या जागेत गेलं. घर मोडायचं, सामान काढायचं, नव्या जागी मांडायचं. सत्तरीच्या घरातल्या त्या बाईनं वीटसुद्धा दुसऱ्याला उचलू दिली नाही. एका रविवारी आल्या त्या जिना चढूनच थांबल्या. म्हणाल्या, "आज नाय गो. आज मीच तयार नाय." मी त्यांच्या मागे गेले आणि त्यांच्या मानेवर हात ठेवला. पाटा-वरवंट्यातला पाटा. मी म्हटलं, "मावशी, बसायचं. अर्धा तास. पाय पसरायचे."

बसल्या बिचाऱ्या. पाच मिनिटांनी उठून माझ्या गॅलरीतले वाळलेले कपडे काढले. परत बसवलं. मग म्हणाल्या, तुझ्या दाराची कडी खरखरतेय, थेंबभर तेल घालते. तिसऱ्यांदा उठल्या तेव्हा मी हात धरला, तर एकदम डोळ्यांत पाणी. "मना नाय जमत गो. दुसऱ्याला सांगाला सोपा हाय. मना कवा कोनी बस म्हनलाच नाय." त्या दिवशी मी त्यांच्या तळहाताला तेल लावलं. मीठ आणि तेल यांनी ते हात इतके घट्ट झाले होते, की माझी बोटं त्यात रुतेनात. बोटांपासून मनगटापर्यंत गेले आणि मला पुढे येत नव्हतं. त्या म्हणाल्या, "पुरे. दारापरयंत आलीस."

त्यानंतर त्यांचे गुडघे गेले आणि येणं थांबलं. सुनेच्या, कविताच्या, फोनवरून महिन्या-दोन महिन्यांनी बोलायच्या. प्रश्न एकच. "बसतेस काय?" मी म्हणायची, बसते. "खोटा नको बोलू, मना हितून कलतं." पण मी खोटं बोलत नव्हते. रविवारी चार वाजले की मी फोन पालथा घालून भिंतीला टेकून बसत होते. नवऱ्यालाही सवय झाली होती. तो दाराची बेलसुद्धा आधीच बंद करून ठेवायचा.

अशाच एका रविवारी फोन थरथरला. थांबला. पुन्हा थरथरला. पाच-सहा वेळा झालं असेल. माझा हात दोनदा गेला फोनकडे, आणि दोन्ही वेळा मीच मागे घेतला. म्हटलं, असेल शाळेचं काही. साडेचारला फोन सुलटा केला, तर कविताचे कॉल.

मी लावला. मागे माणसांचा आवाज होता. कविता म्हणाली, "बाई, आई गेल्या हो. सकाली. माझा फोन नवा, तुमचा नंबर आईंच्या डब्यात चिठीवर होता, तो उशिरा घावला. आताच नेल्या. थोडा थांबलो आमी, पन लांबची मानसा खोलंबली होती."

मी कसंबसं म्हटलं, "कविता, मी फोन उचलला नाही गं. मी घरातच होते. मी..."

"माहीत हाय," ती म्हणाली. "मी बोलले सगल्यांना, आता नाय उचलनार बाई. दर रविवारी चारला आई घरात सांगाच्या, 'गप बसा जरा, आता माझी मास्तरीन बसली असंल.' आनि आमाला पन गप बसवाच्या."

मी फोन ठेवला. मला खूप वाईट वाटलं, आणि अजून वाटतं. वीस मिनिटांच्या अंतरावर होते मी, धावले असते तर कदाचित वाटेत तरी गाठलं असतं. नवरा दारात उभा होता, त्यानं काय झालं म्हणून विचारलं. मी त्याच्याकडे पाठ करून बसले, आणि म्हटलं, "जरा माझ्या मानेवर हात ठेव."

त्यानं ठेवला. त्याला त्यातलं काही कळत नाही, पण तोही म्हणाला, "दगड झालीय गं."

"मग आज नाही," मी म्हटलं, आणि चपला घालून मावशींच्या घरी निघाले.