गोधडीचा चौथा कोपरा

दसऱ्यानंतरच्या उन्हात सून खळ्यात सुकट वाळत घालते, आणि तो वास तापला की मला माझी पहिली गोधडी आठवते.

नवी नवरी होते. आईची जुनी लुगडी माहेरून आणून मालवणच्या घरी शिवायला बसले. थोरल्या जाऊबाईंनी शेजारणींसमोर माझे टाके ओढून दाखवले. “टाके घातलंस काय गुरां बांधलंस गो?” सगळ्या हसल्या. मग जाऊबाईंनी सगळं उसवून स्वतः बारीक शिवलं आणि गोधडी आपल्याच खोलीत न्यायची ठरवली. “शेवटचो कोपरो तेवढो तू शिव,” म्हणाल्या.

मी त्या कोपऱ्यात मूठभर सुकट भरली आणि जन्मात घातले नव्हते इतके बारीक टाके घातले. मासेवाल्यांच्या घरात त्या वासाकडे कोण लक्ष देणार?

मांजरीने दिलं. दोन दिवसांत तिने जाऊबाईंच्या शिवणीकडून गोधडी फाडून सुकट फस्त केली. जाऊबाईंचे टाके लोंबत होते, माझे जागच्या जागी. चिंध्या हातात घेऊन त्या म्हणाल्या, “कोपरो मात्र बरो शिवलंस गो!”

जाऊबाई गेल्या. त्यांना शेवटपर्यंत काही कळलं नाही. आता वाटतं, माझे पहिले टाके खरंच वाईट होते. तरी पश्चात्ताप नाही. खंत एवढीच, की सुकट मूठभरच घातली.