अंगणातल्या निळ्या सावल्या

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. म्हणजे कुणालाच नाही. एका चित्राची तर गोष्ट – त्यात लपवण्यासारखं काय असणार, असं तुम्ही म्हणाल. मीही बरेच दिवस स्वतःला तेच विचारत होतो.

आयुष्यभर वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. निवृत्तीनंतर ॲक्रिलिक रंग हातात घेतले. सदाशिव पेठेत एका क्लासच्या खोलीत रविवारी सकाळी आम्ही सहाजण जमतो. अपुरं चित्र फळ्याला टेकवायचं आणि इतरांचं बोलून होईपर्यंत ज्याचं चित्र त्यानं तोंड उघडायचं नाही, असा तिथला नियम. नियम चांगला आहे. तो मीच सुचवला होता.

त्या रविवारी माझं बर्फाचं चित्र फळ्याला होतं. देवदार, लाकडी घर, पांढरा उतार. दामले चित्रकलेचे शिक्षक होते. ते म्हणाले, "बर्फ होय! मला वाटलं, श्रीखंडाचा चक्का सांडलाय." सगळे हसले. मीही हसलो – निदान तसा चेहरा केला.

मग वसुधाताई बोलल्या. त्या विश्रांतवाडीहून येतात. यजमान सैन्यात होते, त्यांच्याबरोबर त्यांनी हिमाचलात तीन हिवाळे काढले. यजमान जाऊन आता बरीच वर्षं झाली. ताई म्हणाल्या, "सावल्या राखाडी नकोत हो. उन्हातल्या बर्फावर सावली निळी पडते." त्यांचं स्वतःचं चित्र शेजारीच होतं : तिथल्या घराचं अंगण, यजमान ड्यूटीवर निघायची सकाळची वेळ, आणि बर्फावर लांबवर पडलेल्या निळ्या सावल्या.

त्यांचा सूर मऊ होता. मग मला एवढं का लागलं? दामल्यांची थट्टा मी गिळली होती, ती इथे बाहेर आली का? असेल. पण ते कारण झालं, आणि कारण सांगायला मी बसलेलो नाही.

मी नियम मोडला. म्हणालो, "मी बातमीसाठी गेलोय तिकडे. बर्फातच होतो आठवडाभर. सावल्या राखाडीच असतात, ताई. आठवणीत रंग बदलतात माणसाच्या."

मी बर्फ पाहिलेला नाही. कधीच नाही. दर हिवाळ्यात काश्मीरच्या बर्फवृष्टीची बातमी मी पुण्यात पंख्याखाली बसून केली – वृत्तसंस्थेच्या मजकुरावरून. चित्र कॅलेंडरवरून काढलं होतं. पण वर्तमानपत्रातला माणूस "मी पाहिलंय" म्हणाला, की समोरचा गप्प होतो. हे मला माहीत नव्हतं का?

पुढच्या रविवारी वसुधाताईंनी त्यांचं चित्र आणलं. अंगणातल्या सगळ्या सावल्या राखाडी. "तुमचंच बरोबर असेल," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं झाली." ॲक्रिलिक बघता बघता वाळतं. त्यावर दुसरा रंग चढवता येतो. खालचा परत काढता येत नाही.

घरी आल्यावर मी बर्फाचे फोटो शोधले. जे पाहिल्याशिवाय बोलायचं नव्हतं, ते बोलून झाल्यावर पाहिलं. उन्हातल्या प्रत्येक फोटोत सावली निळी. चुकीची बातमी गेली की दुसऱ्या दिवशी दोन ओळींची दुरुस्ती द्यायची, हे मी कितीतरी नव्या मुलांना शिकवलंय. मी काय केलं? अल्ट्रामरीनची ट्यूब उघडली आणि माझ्या चित्रातल्या सावल्या निळ्या केल्या. चित्र पुरं झालं. चांगलं झालं.

आमचं छोटं प्रदर्शन भरलं, तेव्हा दोन्ही चित्रं एकाच भिंतीवर लागली. दामले म्हणाले, "अहो, आता थंडी वाजतेय!" वसुधाताई माझ्या चित्रासमोर बराच वेळ उभ्या होत्या.

"निळ्या केल्यात?"

एवढंच विचारलं. टोमणा नव्हता, खरोखरच विचारत होत्या. तेव्हा सांगता आलं असतं – आजूबाजूला कुणी नव्हतं. मी म्हणालो, "माझं चित्र सकाळचं आहे ना. सकाळी निळ्या असतात. तुमचं दुपारचं असणार."

त्या आपल्या चित्रापाशी गेल्या. खाली कागदाची पट्टी होती : 'अंगण, सकाळची वेळ'. त्या थोडा वेळ आठवत राहिल्या. मग म्हणाल्या, "असेल. दुपारीच निघत असतील ते," आणि माझ्याकडे पेन मागितलं.

मी खिशातलं पेन काढून, टोपण उघडून त्यांना दिलं. त्यांनी 'सकाळची' खोडलं आणि वर, बारीक अक्षरात, 'दुपारची' लिहिलं.