एकशे ऐंशी मीटर खडक आणि एक ‘व्हेरिफाइड’

मार्चमधला दुसरा रविवार, सकाळचे साडेदहा. वादातली रक्कम अठ्ठेचाळीस हजार सहाशे कतारी रियाल. साइटवरच्या पोर्टाकॅबिनमध्ये आम्ही चौघे होतो. आमच्या कंपनीचे प्रोजेक्ट मॅनेजर मॅथ्यूसाहेब, क्लायंटचे कन्सल्टंट इंजिनिअर हाशिम, सबकॉन्ट्रॅक्टर रफिकभाई आणि मी, क्वांटिटी सर्व्हेअर. झालेलं काम मोजून त्याचे किती पैसे होतात ते ठरवणं, हे माझं काम. बावीस वर्षं करतोय, त्यातली नऊ दोह्यात.

रफिकभाई दापोलीकडचे. त्यांची आठ माणसं, बिरकत अल अवामेरच्या कामगार-कॅम्पात राहणारी. गोदामाच्या ड्रेनेजसाठी त्यांनी एकशे ऐंशी मीटर लांब आणि दोन मीटर रुंद चर खणला होता. माती खणायचा दर ठरलेला. खडक लागला तर घनमीटरला नव्वद रियाल जादा. त्यांच्या बिलात खडकाची जाडी दीड मीटर होती. म्हणजे पाचशे चाळीस घनमीटर, गुणिले नव्वद.

अडचण अशी की चरात पाइप टाकून तो बुजवून झाला होता. खडक फोडतानाच रोजच्या रोज डेली शीटवर मोजमाप लिहून सही व्हायला हवी होती. आमच्या साइट इंजिनिअरने ते उद्यावर ढकललं आणि कॉन्ट्रॅक्ट संपताच तो कोचीला निघून गेला. शीट कोऱ्याच राहिल्या. मधल्या काळात माणसांचे दोन महिन्यांचे पगार रफिकभाईंनी बायकोचे दागिने मोडून दिले होते. हे पैसे बुडाले असते तर त्यांचा धंदाच बसला असता.

रफिकभाईंनी फाइल पुढे सरकवली. फोटो तारखेवार चिकटवलेले, बिल नीट टाइप केलेलं. मी त्यांना मराठीत म्हणालो, “फाइल अफलातून केलीत, रफिकभाई.”

हाशिमनी मान वर केली. सुदानी माणूस, साठीचा, फार कमी बोलणारा, तेही इंग्रजीत. “अफलातून? त्याचं इथे काय काम?”

मला कळेना. मी म्हटलं, आमच्याकडे ‘अफलातून’ म्हणजे फारच छान.

ते पहिल्यांदाच हसले. “आमच्याकडे तो माणूस आहे. जुना ग्रीक तत्त्वज्ञ. माझे वडील खार्तूमला फलसफा, म्हणजे तत्त्वज्ञान, शिकवायचे. घरात त्याचं नाव रोज निघायचं.” मग हसू ओसरलं. त्यांनी बिलावरच्या माझ्या शेऱ्यावर बोट ठेवलं. ‘व्हेरिफाइड’, खाली माझी सही. “मिस्टर शिंदे, तुमच्या त्या अफलातूनने हेच विचारलं असतं. तुम्हाला हे माहीत आहे, की वाटतं?”

“मी स्वतः खडक फोडणारा ब्रेकर चालताना पाहिलाय,” मी म्हणालो.

“किती वेळा?”

“एकदा. गाडीतून.”

“जाडी मोजलीत?”

मी बिलातला गुणाकार तपासला होता. तो बरोबर होता. दीड मीटर हा आकडा मी तपासलाच नव्हता. फोटोंत खडक होता, पण त्याच्याशेजारी मोजपट्टी नव्हती.

हाशिम म्हणाले, “ग्रीक लोक म्हणत, बरोबर मतसुद्धा ज्ञान नसतं. का बरोबर आहे ते सांगता आलं पाहिजे. नाहीतर ते मत कधीही पळून जातं. उंटासारखं. आम्ही उंटाचा पाय ज्या दोरीने बांधतो तिला इकाल म्हणतात. अक्ल हा शब्द त्याच मुळातून आलाय.”

म्हणजे आमची अक्कल. लहानपणापासून दिवसातून दोनदा काढली गेलेली. ती उंटाची दोरी आहे हे मला सत्तेचाळीसाव्या वर्षी कळलं.

“दोरी आणा,” हाशिम म्हणाले. “गुरुवारपर्यंत. नाहीतर क्लेम खलास.”

ते गेल्यावर मॅथ्यूसाहेबांनी ड्रॉवर उघडला. त्यातून बारा कोऱ्या डेली शीट आणि कोचीला गेलेल्या इंजिनिअरचा स्टॅम्प निघाला.

“शिंदे, भर दो. पुरानी डेट डालो. बूढ़े को कागज चाहिए, कागज दे दो.”

“सर, ये मैंने नापा नहीं.”

“अरे, रॉक निकला कि नहीं निकला?”

“निकला.”

“आदमी ने मेहनत की कि नहीं?”

“की.”

“तो? जिसका है उसको दे रहे हैं. इससे बड़ा इन्साफ क्या है? यल्ला, साइन करो.”

याला उत्तर सोपं नव्हतं. ज्याचं त्याला देणं म्हणजे न्याय, असं मीही मानत आलोय. माझा सगळा व्यवसायच त्यावर उभा आहे. रफिकभाई दाराशी उभे होते. ते आत आले आणि हळू आवाजात म्हणाले, “शिंदेसाहेब, मारा ना सही. खोटा काय त्यात? दगड फोडलाय तो खराच हाय. माजी पोरा खोटा नाय बोलत.”

मी पेन उचललं. पहिल्या शीटवर तारीखही लिहिली. मग जाडीचा रकाना आला. तिथे दीड लिहायचं होतं, आणि तो दीड मी कुठून आणला हे मला कुणाला सांगता आलं नसतं.

मी पेन खाली ठेवलं. हाशिम अजून बाहेर गाडीपाशी होते. मी गेलो. शीटबद्दल काही बोललो नाही. एवढंच विचारलं, “ज्याचं खरंच देणं लागतो, त्याला ते मिळावं म्हणून एक खोटी सही केली तर? नुकसान कुणाचं होतं?”

त्यांनी गाडीचं दार उघडता उघडता माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं असावं. “त्याच ग्रीकांचं उत्तर सांगतो. अन्याय सोसणाऱ्यापेक्षा करणाऱ्याचं नुकसान जास्त. सोसणाऱ्याचे पैसे जातात. करणाऱ्याचा रूह, त्याचा आत्मा, बिघडतो, आणि तो बदलून मिळत नाही.” मग दार लावता लावता म्हणाले, “चर खोलता येतो, मिस्टर शिंदे. तीन ठिकाणी. जागा मी सांगेन.”

याला ट्रायल पिट म्हणतात. बुजवलेल्या कामात पुन्हा खड्डा घ्यायचा आणि आत काय आहे ते डोळ्यांनी पाहायचं. चराच्या भिंतीत खडकाचा थर दिसतो, तो मोजता येतो. जेसीबीवाल्याने सत्तावीसशे रियाल सांगितले. मॅथ्यूसाहेब म्हणाले, “तेरा दिमाग खराब है. खर्चा रफिक के बिल से काटूँगा.” पण अडवलं नाही.

मी रफिकभाईंना सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, “म्हंजे तुमचा माज्यावर इस्वास नाय.”

“तुमच्यावर आहे. माझ्या सहीवर नाही.”

त्यांनी मान वळवली. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

बुधवारी सकाळी खणलं. पाइपला धक्का लागू नये म्हणून शेवटचा अर्धा मीटर त्यांच्याच माणसांनी फावड्याने काढला. पहिला खड्डा चराच्या तोंडाकडचा. मी पट्टी लावली, हाशिम वरून बघत होते. थर दीड मीटर. दुसरा मधला, तोही दीड. रफिकभाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला खाली बघावं लागलं.

तिसरा खड्डा शेवटच्या टोकाचा. थर साठ सेंटीमीटर. मी पुन्हा मोजलं. साठच.

रफिकभाई स्वतः खड्ड्यात उतरले, खडकावर हात फिरवला आणि तिथेच बसले. खडक फोडायला लागले तेव्हा त्यांनी तोंडाशी जाडी मोजली होती आणि तीच पुढे धरली होती. पुढचं काम मुकादमाने बघितलं. ते खोटं बोलले नव्हते. त्यांना तसं वाटलं होतं. मलाही वाटलं होतं. मॅथ्यूसाहेबांना तर खात्रीच होती.

वर आल्यावर ते मला म्हणाले, “सही मारली असतीत तर नऊ-दहा हजाराची चोरी झाली असती माज्या हातून. माज्या लक्षात पन आली नसती.”

“माझ्याही,” मी म्हणालो.

साठ-साठ मीटरचे तीन भाग धरले. पहिल्या दोन भागांत एकशे ऐंशी घनमीटर प्रत्येकी, तिसऱ्यात बहात्तर. एकूण चारशे बत्तीस. हाशिमनी त्याच दुपारी सही केली. मला ऑफिसकडून, न मोजता शेरा मारल्याबद्दल, लेखी ताकीद मिळाली. ती योग्य होती. तेव्हापासून मी ‘व्हेरिफाइड’ हा शब्द एकटा लिहीत नाही. काय तपासलं, कधी, कशाने, हे पुढे लिहितो. बिलं उशिरा निघतात आणि लोक वैतागतात.

खड्ड्यांच्या खर्चावरून मॅथ्यूसाहेबांशी पुन्हा बोलणं झालं. जाडी चुकीची धरली ही रफिकभाईंची चूक, ती न मोजता मान्य केली ही माझी. मी निम्मा भाग स्वतः भरतो म्हणालो. ते म्हणाले, “तुम मराठी लोग भी ना,” आणि फॉर्मवर सही केली.

मान्य झालेली रक्कम अडतीस हजार आठशे ऐंशी रियाल. त्यातून खर्चाचे तेराशे पन्नास वजा जाऊन रफिकभाईंना सदतीस हजार पाचशे तीस मिळाले. जेसीबीवाल्याला सत्तावीसशे, त्यातले तेराशे पन्नास माझे.